नागीण ५८ वर्षं कुठे दडून होती?

पिंपळपान
बाबांना (वय ६८) गेल्या आठवड्यात नागीण झाली. डाव्या बरगडीखालून पाठीपर्यंत पट्टा. आधी दोन दिवस नुसतंच दुखत होतं, म्हणून आम्ही गॅस समजून ओवा-सैंधव देत बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी पाण्याने भरलेले फोड दिसले आणि डॉक्टरांकडे पळालो. ते म्हणाले, लहानपणी कांजिण्या झाल्या असतील, तोच विषाणू. बाबांना चौथीत कांजिण्या आल्या होत्या. म्हणजे ५८ वर्षं झाली!

कांजिण्या एकदा येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत, कारण प्रतिकारशक्ती तयार होते, असं शाळेत शिकलो. मग ती प्रतिकारशक्ती ५८ वर्षं काय करत होती? विषाणू घरातच राहतोय आणि तिला पत्ता नाही? कोणाला नीट माहिती असेल तर सांगा. गुगल केलं तर फक्त लशीच्या जाहिराती येतायत. शिवाय आत्या दिवसातून चार वेळा फोन करून विचारतेय, "तोंड आणि शेपूट जुळलं नाही ना?"

कोकणकडा
काळजी घ्या. आमच्या गावी नागीण झाली की एक आजोबा गेरूने भोवती रेघ आखायचे. म्हणे, नागीण रेघ ओलांडत नाही. आणि खरंच ओलांडायची नाही!

घड्याळवाला_डॉक्टर
कोकणकडा, रेघ नसती तरी ओलांडली नसती. :) हा विषाणू पाठीच्या कण्याजवळच्या एका मज्जातंतूच्या गाठीत झोपलेला असतो. जागा झाला की त्या एकाच मज्जातंतूवरून त्वचेपर्यंत येतो. त्या तंतूची हद्द शरीराच्या मध्यरेषेशी संपते, म्हणून पट्टा अर्धाच उमटतो आणि तोंड-शेपूट जुळण्याचा प्रश्न येत नाही. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या माणसात मात्र पुरळ अंगभर पसरू शकतं. 'जुळलं की माणूस जातो' ही भीती तशा एखाद्या रुग्णावरून आली असावी, असा माझा आपला अंदाज.

पिंपळपान, पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू झाल्या ना? मग ठीक. खपल्या धरेपर्यंत तान्ही मुलं, गरोदर बायका आणि कांजिण्या न झालेली माणसं यांना लांब ठेवा. नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याजवळ फोड असते तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं, पण बाबांचं तसं नाही.

'प्रतिकारशक्ती काय करत होती' हा प्रश्न चांगला आहे, पण तो माझ्या दवाखान्याबाहेरचा. सोनारनळी, कुठे आहात?

सोनारनळी
आलो. पीएचडीची पाच वर्षं याच खानदानाबरोबर काढली, त्यामुळे लांबण लागेल. आधीच माफी मागतो.

खानदान म्हणजे हर्पीस. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सरपटणं. आपण नागीण म्हणतो, त्यांनाही सरपटणारंच काही सुचलं. माणसाला धरणारे मुख्य सदस्य असे: ओठांवरच्या तापाच्या फोडांचा हर्पीस सिम्प्लेक्स १, त्याचा भाऊ २, कांजिण्या-नागिणीचा व्हॅरिसेला झोस्टर, एपस्टाइन-बार, सायटोमेगॅलो, लहान मुलांना ताप-पुरळ देणारे ६ आणि ७, आणि कापोसी सार्कोमा या कर्करोगाचा ८. सगळ्यांचा एकच खाक्या: एकदा घरात आले की मरेपर्यंत जात नाहीत.

आता बाबांची प्रतिकारशक्ती. अँटिबॉडी ५८ वर्षं होत्या, आजही असतील. पण अँटिबॉडी पेशीच्या बाहेर फिरते आणि विषाणू आत बसलेला. आतल्यावर नजर ठेवतात टी पेशी. मात्र मज्जातंतूच्या गाठीत झोपलेला व्हॅरिसेला म्हणजे नुसतं डीएनएचं एक कडं, जवळजवळ काहीच प्रथिन न बनवणारं. ज्याच्या घरात चूलच पेटत नाही त्याच्याकडे काय शिजतंय हे कसं कळणार? वयानुसार टी पेशींचा पहारा सैल पडतो, विषाणू जागा होतो, तेव्हा चूल पेटते. खरी लबाडी तिथून पुढे सुरू होते. ती जेवून आल्यावर लिहितो.

मधली_आळी
वाचतेय. चहा ठेवला आहे.

सोनारनळी
आमच्या जुन्या सोसायटीत मासे शिजवायला अलिखित बंदी होती. कोणाच्या घरात शिरून कढईत डोकावता येत नाही, पण सकाळी प्रत्येकाची कचऱ्याची बादली दाराबाहेर यायची आणि सेक्रेटरीकाका जिना उतरताना बादल्या बघत जायचे. बांगड्याचा एक काटा दिसला की संध्याकाळी चिठ्ठी.

आपल्या पेशी हेच करतात. आत बनणाऱ्या प्रथिनांपैकी काहींचे सतत तुकडे होत असतात. 'टॅप' नावाचा एक पंप आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे आतल्या एका कप्प्यात ढकलतो. तिथे एमएचसी वर्ग १ नावाचं प्रथिन (हीच बादली) एकेक तुकडा पकडतं आणि पेशीच्या पृष्ठभागावर नेऊन दाखवतं. टी पेशी जाता-जाता बघतात. घरचाच तुकडा असेल तर पुढे, विषाणूचा दिसला तर थेट पेशीचा खात्मा. टी पेशीला नुसता काटा बघून चालत नाही, तो आपल्याच बादलीत दिसावा लागतो. हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ मध्ये कॅनबेरात दाखवलं आणि १९९६ चं नोबेल घेतलं.

आता तुम्ही विषाणू आहात आणि घरात मासे शिजवायचेच आहेत. काय कराल?

हर्पीस सिम्प्लेक्स काटा बादलीपर्यंत पोचूच देत नाही. त्याचं आयसीपी४७ नावाचं प्रथिन आहे, जेमतेम ८८ अमिनो आम्लांचं. ते टॅप पंपाच्या तोंडात जाऊन बसतं. १९९४-९५ मध्ये हे कळलं, पण नेमकं कसं बसतं ते दिसायला २०१६ उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने चित्र काढलं, तर आकड्यासारखं दुमडलेलं आयसीपी४७ पंपाच्या पोकळीत खालून घुसून अडकलेलं. मोरीत बोळा बसतो ना, तस्सं. सायटोमेगॅलोला हीच मोरी तुंबवायची असते, पण त्याचं यूएस६ पलीकडच्या, कप्प्याच्या आतल्या बाजूने येतं. नळी एक, बोळे दोन, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

शंकासुर
छान गोष्ट आहे. पण विषाणूला 'लबाडी', 'युक्ती' म्हणजे जरा जास्त होतंय. त्याला मेंदू नाही. आणि एवढे हुशार असतील तर आपण सगळे जिवंत कसे?

सोनारनळी
शंकासुर, पहिला आक्षेप मान्य. लबाडी नाही, निवड आहे. ही मंडळी आपल्या पूर्वजांबरोबर कोट्यवधी वर्षं राहत आली आहेत. ज्यांचा काटा दिसला ते मेले, उरले त्यांची पिलावळ. शिवाय चोरी आहे. एपस्टाइन-बारचं एक प्रथिन आपल्या इंटरल्यूकिन-१० ची जवळजवळ नक्कल आहे. इंटरल्यूकिन-१० हा आपल्याच शरीराचा 'शांत व्हा, पुरे झालं' असा निरोप. तो जनुक विषाणूने कधीतरी यजमानाकडून उचलला आणि आता तोच निरोप आपल्याला धाडतो. सायटोमेगॅलोनेही वेगळा उचललाय.

दुसरा प्रश्न राखून ठेवतो, कारण त्याचं उत्तर मलाच बरीच वर्षं चुकीचं माहीत होतं.

आधी सायटोमेगॅलो, कारण माझं प्रेम तिथे आहे. त्याचा डीएनए मानवी हर्पीसांमध्ये सर्वात मोठा, सुमारे २ लाख ३५ हजार अक्षरांचा, आणि त्यातला मोठा वाटा निव्वळ या भानगडींसाठी. यूएस३ बादली आतच अडकवून ठेवतं. यूएस२ आणि यूएस११ त्याहून उद्धट. ते बादलीच उचलून कचऱ्यात टाकतात.

हे १९९६ मध्ये एमआयटीत हिडे प्लूख यांच्या प्रयोगशाळेत उलगडलं. तो प्रयोग मी शिकाऊ असताना पुन्हा करून पाहिला होता, म्हणून सांगतो. पेशींना काही मिनिटं किरणोत्सर्गी मेथिओनिन (एक अमिनो आम्ल) खायला घालायचं, म्हणजे त्या वेळात बनलेली प्रथिनं 'चमकतात'. मग साधं मेथिओनिन द्यायचं आणि ठरावीक वेळाने थोड्या-थोड्या पेशी काढून आपलं प्रथिन मोजायचं. जेलवर चालवायचं (प्रथिन जितकं हलकं तितकं खाली जातं), फिल्म लावायची, अंधाऱ्या खोलीत धुवायची. साध्या पेशींत एमएचसीची काळी पट्टी पहिल्यापासून शेवटच्या रांगेपर्यंत ठळक. यूएस११ असलेल्या पेशींत ती पहिल्या रांगेतच फिकी आणि पुढे कोरी फिल्म. एमएचसीचं अर्धायुष्य एका मिनिटाहून कमी! मला वाटलं नमुनाच सांडला.

गंमत पुढे आहे. पेशीचं कचरा दळणारं यंत्र, प्रोटिअ‍ॅसोम, औषधाने बंद केलं की पट्टी परत येते, पण जरा खाली सरकलेली. म्हणजे प्रथिन किंचित हलकं झालंय. का? त्याला चिकटलेली साखरेची साखळी कापली गेली. ती कापणारं एन्झाइम त्या कप्प्याच्या बाहेर, पेशीद्रव्यात असतं. म्हणजे बादली कप्प्यातून उलट्या दिशेने बाहेर ओढली गेली होती! पेशी स्वतःची बिघडलेली प्रथिनं याच मागल्या दाराने बाहेर काढते. विषाणूने तो दरवाजा बांधला नाही, तो फक्त चांगला माल त्यातून फेकतो. त्या दरवाजाचा डर्लिन-१ हा एक भाग २००४ मध्ये सापडला, तोही यूएस११ चा माग काढताना. पेशी कशी चालते याच्या निम्म्या गोष्टी आम्हाला या चोरांनीच शिकवल्या, असं आमचे गाइड म्हणायचे.

न्यूजर्सीची_माई
भारी! पण मग एक शंका. ज्या दाराबाहेर बादलीच नाही, त्या घराचा सेक्रेटरीला आधी संशय येणार नाही का? आमच्या कॉलनीत तर नक्की आला असता.

सोनारनळी
माई, तुम्ही १९८६ चा सिद्धांत एका ओळीत सांगितलात. :) स्वीडनचे क्लास कारे आणि त्यांचे सहकारी यांनी तेव्हा दाखवलं की एनके नावाच्या पेशी नेमकं हेच बघतात: बादली नाही? मग खल्लास. त्यामुळे विषाणू पेचात. बादली ठेवली तर टी पेशी मारणार, काढली तर एनके.

सायटोमेगॅलोने मग खोटी बादली ठेवली. १९८८ मध्ये केंब्रिजच्या बेक आणि बॅरल यांना त्याच्या डीएनएत एमएचसीसारखाच एक जनुक सापडला, यूएल१८. हे प्रथिन प्रतिकारक पेशींवरच्या 'थांब' म्हणणाऱ्या बटणाला आपल्या खऱ्या एमएचसीपेक्षाही घट्ट धरतं. शिवाय यूएल४०. त्याच्या टोकाचा एक छोटा तुकडा आपल्याच एचएलए-ई नावाच्या वेगळ्या बादलीत बसतो आणि ती बाहेर पाठवतो. एनके पेशी ती बघून 'सगळं ठीक' म्हणतात. एचएलए-ईला तुकडे साधारणपणे टॅपमधून मिळतात, पण या तुकड्याला टॅप लागत नाही. म्हणजे स्वतःच तुंबवलेल्या मोरीला वळसा घालून ही सोय केलेली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.

आणि यूएल१६. पेशीवर ताण आला की ती काही 'मदत करा' झेंडे वर करते. यूएल१६ त्यातले काही आतच दाबून ठेवतं. हे झेंडे शोधले गेले यूएल१६ कशाला चिकटतं ते बघताना, म्हणून त्यांचं नावच 'यूएल१६ ला चिकटणारं प्रथिन'. आपल्या शरीरातल्या प्रथिनाला चोराचं आडनाव!

शंकासुर
उपमा फारच सोयीची आहे, पण वाचायला मजा येतेय. माझा दुसरा प्रश्न मात्र अजून लोंबकळतोय.

डाव्या_हाताचा
आमच्या धाकट्या भावाचं किडनी प्रत्यारोपण झालं, तेव्हा सीएमव्ही हे नाव पहिल्यांदा ऐकलं. तोच का हा सायटोमेगॅलो? अनेक महिने गोळ्या होत्या आणि दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचे. त्या रुग्णालयात हा विषाणू काय आहे हे समजावून सांगायला कोणाला वेळ नव्हता. फक्त 'गोळी चुकवू नका'.

सोनारनळी
हो, तोच. आणि तुमच्या भावाच्या गोळ्यांतच शंकासुरांचं अर्धं उत्तर आहे. नवी किडनी टिकावी म्हणून टी पेशी दाबल्या की हा निमूट बसलेला पाहुणा फुफ्फुस, आतडं, डोळा, कुठेही उसळतो. म्हणजे तोवर त्याला टी पेशींनीच दाबून धरलं होतं. एवढ्या बादल्या लपवूनही! सायटोमेगॅलो असलेल्या निरोगी माणसात सरासरी दहा टक्के स्मृती-टी पेशी (जुना शत्रू लक्षात ठेवणाऱ्या) या एकाच विषाणूवर डोळा ठेवून असतात. २००५ मध्ये हे मोजलं गेलं तेव्हा आकडा बघून सगळेच चाट पडले. पोलीस खात्याचा दहावा हिस्सा एका भाडेकरूवर.

मग ही लपवाछपवी कशासाठी? माझी समजूत होती, पहिल्या शिरकावासाठी. अमेरिकेत ऑरेगनच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये ऱ्हीसस माकडांवर तपासलं. माकडांच्या सायटोमेगॅलोतून यूएस२ ते यूएस११ हा पट्टा कापून टाकला. ज्या माकडांना आधी हा विषाणू नव्हता त्यांच्यात तो कापलेला विषाणू आरामात शिरला आणि टिकलाही. म्हणजे पहिल्या शिरकावाला या प्रथिनांची गरजच नव्हती! पण ज्या माकडांत सायटोमेगॅलो आधीच होता त्यांच्यात तो शिरू शकेना. त्या माकडांच्या सीडी८ टी पेशी (बादल्या बघून खात्मा करणाऱ्या) काढून टाकल्या, लगेच शिरला.

बादली लपवायची ती सगळं ओळखून बसलेल्या घरात पुन्हा घुसण्यासाठी. म्हणूनच सायटोमेगॅलो एकदा होऊनही दुसऱ्या वाणाचा पुन्हा होऊ शकतो आणि लस बनवणाऱ्यांच्या नाकी नऊ येतात.

घड्याळवाला_डॉक्टर
हे माकडांचं मला माहीत नव्हतं. एक भर. अँटिबॉडीचं काय, असं कोणी विचारायच्या आत सांगतो. हर्पीस सिम्प्लेक्सची जीई-जीआय ही प्रथिनांची जोडगोळी अँटिबॉडीची शेपटी पकडते. अँटिबॉडी हातांनी विषाणूला धरते, पण तिची शेपटी मोकळी असेल तरच बाकीच्या पेशी आणि पूरक प्रथिनं मदतीला येतात. विषाणू तीच धरून ठेवतो. चोराने पोलिसाची शिट्टीच तोंडात घ्यावी तसं.

आणि बाबांच्या व्हॅरिसेलाचं जीईसुद्धा तेच काम करतं. नागिणीची नवी लस आहे ना (भारतात २०२३ पासून मिळते, पन्नाशीपुढच्यांना, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस), तिच्यात हेच जीई असतं. विषाणू नाही, फक्त ते प्रथिन, आणि टी पेशींना खडबडून जागं करणारं एक मिश्रण. त्यातला एक घटक चिलीमधल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. ती साल पाण्यात फेस करते, आपल्या रिठ्यासारखी. पन्नाशीपुढच्या लोकांतल्या मोठ्या चाचणीत लस ९७ टक्के परिणामकारक ठरली. नागीण होऊन गेल्यावरही, बरं झाल्यावर, घेता येते. महाग आहे हे मान्य.

मधली_आळी
प्रतिकारशक्ती वाढवायचा काढा घेतला तर नागीण टळेल का? सासूबाई विचारतायत.

घड्याळवाला_डॉक्टर
नाही. चव आवडत असेल तर घ्या.

न्यूजर्सीची_माई
मैत्रिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा आजार) आहे. तिच्या डॉक्टरांनी एपस्टाइन-बारचं नाव घेतलं. तो पण यांच्यातलाच ना?

सोनारनळी
यांच्यातलाच. २०२२ मध्ये अमेरिकन सैन्यातल्या १ कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी आणि साठवलेले रक्ताचे नमुने तपासले. एपस्टाइन-बार झाल्यानंतर या आजाराचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. मात्र हा विषाणू जगातल्या बहुतेक सगळ्या प्रौढांत असतो आणि हा आजार फार थोड्यांना होतो. तेव्हा मैत्रिणीने स्वतःला किंवा कोणाच्या उष्ट्या पेल्याला दोष देऊ नये.

लपण्याची त्याची तऱ्हा मला सर्वात देखणी वाटते. तो अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींत राहतो. पेशी दुभंगताना आपला डीएनए दोघींकडे जावा म्हणून त्याला एक प्रथिन बनवावंच लागतं, ईबीएनए१. ते बनवलं की काटे होणार. तर त्या प्रथिनात ग्लायसिन-अ‍ॅलानिन, ग्लायसिन-अ‍ॅलानिन असा लांबलचक जप आहे. त्यामुळे ते हळूहळू बनतं आणि त्याचे तुकडे फारच कमी पडतात. १९९५ मध्ये स्टॉकहोममध्ये हे सापडलं. बादली जागेवर, सेक्रेटरी हजर, फक्त मासा बिनकाट्याचा.

शंकासुर
बरं, या सगळ्याचा माणसाला काही उपयोग?

सोनारनळी
आहे. हर्पीस सिम्प्लेक्स १ मधून आयसीपी४७ काढून टाकलं, निरोगी पेशींत वाढू देणारं आणखी एक प्रथिन काढलं आणि प्रतिकारक पेशींना बोलावणारा एक मानवी जनुक घातला. हा विषाणू मेलॅनोमाच्या (त्वचेचा एक कर्करोग) गाठीत थेट टोचतात. तो गाठीच्या पेशी फोडतो आणि आता बोळा नसल्यामुळे काटे बाहेर दिसतात. अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. आयसीपी४७ काढल्याचा आणखी एक फायदा असा की शेजारचा यूएस११ जनुक लवकर चालू होतो आणि विषाणू गाठीत जोमाने वाढतो.

डाव्या_हाताचा
यूएस११? ते तर सायटोमेगॅलोचं बादली फेकणारं ना?

सोनारनळी
शाब्बास, बारीक लक्ष आहे! नाव तेच, प्रथिन वेगळं. यूएस म्हणजे डीएनएच्या आखूड भागातला अमुक नंबरचा जनुक, एवढंच. प्रत्येक विषाणूचे नंबर वेगळे. दोन वाड्यांत खोली नंबर ११ असली म्हणून भाडेकरू एकच नसतो. या घोळात मी एकदा चुकीचं प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं छोटं कडं) मागवून तीन आठवडे वाया घालवले आहेत.

आणखी एक: आयसीपी४७ उंदराच्या टॅपला नीट चिकटतच नाही. त्यामुळे उंदरात 'हे प्रथिन काही महत्त्वाचं दिसत नाही' असं वाटू शकतं. बोळा आपल्या मोरीच्या मापाचा, तपासणी शेजारच्यांच्या मोरीत.

कोकणकडा
नातवाला कांजिण्या आल्या तर आजोबांना नागीण होते, असं आमच्याकडे म्हणतात. खरं का?

घड्याळवाला_डॉक्टर
उलट. आजोबांच्या नागिणीच्या फोडांतून नातवाला कांजिण्या होऊ शकतात. सिरेन्सेस्टर या इंग्लंडमधल्या छोट्या गावचे एक साधे जनरल प्रॅक्टिशनर, होप-सिम्पसन, यांनी आपल्याच दवाखान्यातले नागिणीचे रुग्ण वर्षानुवर्षं नोंदवून १९६५ मध्ये मांडलं की नागीण म्हणजे झोपलेला कांजिण्यांचाच विषाणू. गोवराला टिकायला लाखोंची वस्ती लागते. कांजिण्या एखाद्या लहान बेटावरही टिकतात, कारण विषाणू एका पिढीत झोपून पुढच्या पिढीची वाट बघतो. आम्हा दवाखानेवाल्यांना होप-सिम्पसन हे नाव फार प्रिय आहे.

पिंपळपान
सगळ्यांचे आभार. फोड सुकले, खपल्या धरल्यात. दुखणं अजून आहे, शर्ट घासला तरी कळ येते. काल रात्री अक्षर मोठं करून बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. बादली प्रकरण फार आवडलं. मग म्हणाले, "चौथीत कांजिण्यांमुळे माझी रायगडची सहल हुकली होती. म्हणजे तेव्हापासून ही बरोबर आहे तर."

आत्यालाही फोन करून नीट समजावलं: मज्जातंतू, मध्यरेषा, जुळायचा प्रश्नच नाही. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते असू दे. शेपूट कुठवर आलंय?"